वेर्दिक्क्यो कडू लागली, म्हणजे बाटली बिघडली का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. म्युनिकला राहणारे एक गृहस्थ उन्हाळ्यात गाडीने इटलीत आंकोनाच्या बाजूला फिरून आले आणि येताना तिथल्या वेर्दिक्क्यो या पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनच्या दोन बाटल्या घेऊन आले. एक 'वेर्दिक्क्यो देइ कास्तेल्ली दि येसी क्लासिको', २०२३ ची, नऊ युरोची. दुसरी 'वेर्दिक्क्यो दि मातेलिका रिझेर्वा' (म्हणजे जास्त मुरवलेली), २०२० ची, जवळजवळ तिप्पट किमतीची. पहिली रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून उघडली तर "वासाला काही नाही, पाण्यासारखी, आणि गिळल्यावर कडू". ती बिघडली होती का? दुसरीही तशीच निघायची असेल तर ठेवून काय उपयोग? दिवाळीला रत्नागिरीहून आई-बाबा यायचे आहेत, माशांबरोबर ती चालेल का? आणि वडिलांनी फोनवर विचारलेला शेवटचा प्रश्न: एवढं नावाजलेलं द्राक्ष आहे तर आपल्या नाशिकला का लावत नाहीत?

वडिलांचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, पण तो शेवटी घेते.

मी मूळची निफाड तालुक्यातली. घरची बाग आहे, पण खायच्या द्राक्षाची, थॉम्पसनची. पुढे वाइन बनवायचं शिक्षण घेतलं, दोन हंगाम इटलीत, आंकोना ज्या प्रांतात आहे त्या मार्केत, कुप्रामोंतानाच्या टेकड्यांवर तोडणी आणि टाक्या धुण्यापासून सगळी कामं केली. आता गेली बारा वर्षं हॉटेलांच्या वाइनच्या याद्या बनवते आणि वाढणाऱ्या मुलामुलींना शिकवते. त्यामुळे हे द्राक्ष मी वेलीवरही पाहिलंय आणि गिऱ्हाइकाच्या वाकड्या झालेल्या तोंडावरही.

उच्चाराचं आधी सांगून टाकते, कारण दुकानात उपयोगी पडेल. इटालियनमध्ये 'सी'पुढे 'एच' आला की उच्चार 'क' होतो. म्हणून वेर्दिक्क्यो. 'वर्दिचिओ' म्हणालात तर दुकानदाराला कळेल, पण तो मनात हसेल.

आता मुद्द्याचं. तुमची बाटली बिघडली नसावी असं मला वाटतं. खात्रीने सांगायचं तर मला ती चाखावी लागेल. पण तुम्ही जी तीन लक्षणं लिहिलीत ती बिघाडाची कमी आणि थंडगार वाढलेल्या तरुण वेर्दिक्क्योची जास्त आहेत. पांढरी वाइन म्हणजे उघडताच फळाचा घमघमाट आणि शेवटी गोडसर चव, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. हे द्राक्ष नेमकं त्याच्या उलट वागतं. सुवासाला ते मितभाषी, जिभेवर आंबट आणि भरीव, आणि घोट गेल्यावर मागे कडू बदामासारखी एक रेघ सोडणारं. ती रेघ नसेल तर मार्केतले लोक उलट शंका घेतात.

फ्रीजचं तापमान साधारण चार अंश असतं. इतक्या थंडीत सुवास वर येत नाहीत, ते द्रवातच दबून राहतात. कडवटपणा आणि तुरटपणा मात्र थंडीत जास्त टोचतो. म्हणजे तुम्ही या वाइनमधलं चांगलं ते झाकलंत आणि अवघड तेवढं उघडं ठेवलंत. मी स्वतः ही चूक भर कार्यक्रमात केली आहे. मुंबईत एका मेजवानीत सव्वाशे पाहुण्यांसाठी वेर्दिक्क्यो बर्फाच्या टबात तीन तास बुडवून ठेवली होती. पहिल्याच टेबलावरून ग्लास परत आला, "मॅडम, यात कारल्याचा रस आहे का?" बाटल्या बाहेर काढून अर्धा तास टेबलावर ठेवल्या, तीच वाइन दुसऱ्या फेरीत लोकांनी मागून घेतली. तेव्हापासून माझा नियम असा: साधी असेल तर दहा ते बारा अंश, रिझेर्वा असेल तर बारा ते चौदा. थर्मामीटर नसेल तर फ्रीजमधून काढून वीस मिनिटं, रिझेर्वासाठी अर्धा-पाऊण तास थांबा. जर्मनीतल्या हिवाळ्यात गॅलरीत ठेवूनही भागतं.

तरीही बिघाड नव्हताच हे पडताळायचं असेल, आणि बाटलीत थोडी उरली असेल, तर असं करा. अर्धा ग्लास ओता, वीस मिनिटं विसरून जा. मग वास घ्या. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा बंद तळघराचा वास आला तर बूच खराब होतं. चिरून ठेवलेल्या सफरचंदाचा वास आणि रंगात तपकिरी झाक असेल तर हवा लागली आहे. पण २०२३ ची बाटली त्याच संध्याकाळी तशी लागली तरच हा निकष लावा, आठवडाभर उघडी राहिली असेल तर कुठलीही तशीच लागेल. शिजवलेल्या मुरंब्यासारखा वास आला आणि बूच जरा वर सरकलेलं दिसलं तर उन्हात तापलेली गाडी दोषी आहे. ऑगस्टमध्ये आल्प्स ओलांडून गाडीच्या डिकीतून आणलेल्या बाटलीबद्दल ही शंका मला खरंच आहे. तुम्ही कुठल्या महिन्यात गेला होतात ते लिहिलेलं नाही.

यातलं काहीच नसेल तर एक घोट घ्या, वर एक खारवलेला बदाम किंवा चीजचा तुकडा खा, पुन्हा घोट घ्या. कडवटपणा फक्त शेवटी येतोय, बदामाच्या सालीसारखा, आणि तोंडाला पाणी सुटतंय, तर वाइन ठणठणीत आहे. पहिल्या थेंबापासून कडू, घशाला कोरड आणि आंबटपणाचा पत्ता नाही, असं असेल तर मात्र मीही ती ओतून देईन. अजून एक गोष्ट माणसामाणसावर अवलंबून असते. कडू चव किती जाणवते हे काही अंशी जन्मजात असतं. एकाच ग्लासातून प्यायलेल्या दोघांपैकी एकाला ती रेघ सुखद वाटते आणि दुसऱ्याला औषध. तुम्ही दुसऱ्या गटातले असाल तर वाइन चांगली असूनही तुमच्यासाठी नसेल, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण ज्या माणसाला वालाचं बिरडं आणि मेथीची भाजी आवडते त्याने इतक्या लवकर हार मानू नये.

हा कडवटपणा येतो कुठून, हे कळलं की दोन्ही बाटल्यांमधला फरकही कळेल, म्हणून जरा बागेत जाऊ.

वेर्दिक्क्यो हे नाव 'वेर्दे' म्हणजे हिरवा या शब्दावरून आलं. मणी पूर्ण पिकला तरी त्यावर हिरवी झाक राहते, आणि तरुण वाइनच्या पिवळ्या रंगातही ती दिसते. मला पहिल्या वर्षी याचा फार त्रास झाला. आमच्याकडे रंग, चकाकी, मण्याचा आकार बघून बाग सांगायची सवय. तिथे सप्टेंबरच्या मध्यावर मी ओळीतून फिरले आणि मुकादमाला सांगितलं, कच्चं आहे. त्याने काही न बोलता एक मणी माझ्या हातावर ठेवला आणि खायची खूण केली. गर गोड होता. मग बी चावायला लावली, ती तपकिरी आणि कुरकुरीत होती. शेवटी नुसती साल चघळायला लावली. सालीत थोडा बदामाचा कडवटपणा होता, पण ओल्या गवतासारखी हिरवट चव गेलेली होती. दोन दिवसांनी तोडणी सुरू झाली. त्या बागेत साल चघळल्याशिवाय कुणी कात्री हातात घेत नसे.

म्हणजे कडवटपणाचा उगम मुख्यतः सालीतल्या फिनॉल नावाच्या द्रव्यांत आहे. मग तो वाइनमध्ये किती उतरवायचा हे प्रेसवर ठरतं. घड हलके दाबले की पहिला रस निघतो, तो स्वच्छ आणि नाजूक. दाब वाढवत गेलात की रसाचं प्रमाण वाढतं आणि सालीतलं कडूही येतं. स्वस्त वाइन बनवणारा शेवटपर्यंत पिळतो, कारण त्याला लिटर मोजायचे असतात. शहाणा माणूस शेवटचा रस वेगळा काढतो. नऊ युरोच्या बाटलीत कडू रेघ जरा जाड असू शकते ती यामुळे. पण स्वस्त म्हणजे वाईट असं इथे सरसकट म्हणता येत नाही. मार्केत दहा युरोच्या आत इतकी प्रामाणिक पांढरी वाइन मिळते की फ्रान्सवाल्यांना लाज वाटावी.

दुसरा भाग आंबटपणाचा. या द्राक्षात टार्टारिक आम्ल चांगलं टिकतं, साखर भरली तरी ते कोसळत नाही. त्यामुळेच या एका जातीपासून साधी वाइन, फसफसणारी स्पुमान्ते, वेलीवर किंवा माचावर सुकवलेल्या घडांची गोड पास्सितो आणि दहा वर्षं टिकणारी रिझेर्वा, असं सगळं बनतं. पांढऱ्या जातींत इतकी अष्टपैलू फार थोडी आहेत.

आता येसी आणि मातेलिका. लेबलावरच्या या शब्दाकडे तुम्ही गावाचं नाव म्हणून पाहिलंत, पण तिथे अर्धी गोष्ट दडलेली आहे. एसिनो नावाची एक नदी दोन्हीकडून वाहते. उगमाजवळ मातेलिकाच्या खोऱ्यात ती डोंगरांच्या मधून उत्तरेकडे जाते, समुद्राला समांतर. मार्केतल्या बाकी नद्या पश्चिमेकडून निघून सरळ एड्रियाटिकला मिळतात, हे एक खोरं तेवढं आडवं. पूर्वेला चौदाशे मीटरहून उंच सान व्हिचिनोचा डोंगर उभा असल्यामुळे समुद्राचा वारा तिथे पोचत नाही. दिवसा ऊन, रात्री गारठा. पुढे नदी वळते, गोला देल्ला रोस्सा या घळीतून डोंगर फोडून बाहेर पडते आणि येसीच्या बाजूने समुद्राला जाते. येसीभोवतीच्या टेकड्या समुद्राकडे उघड्या आहेत, हवा दमट आणि सौम्य.

द्राक्ष एकच, नदी एकच, पण वाइन वेगळी. येसीची मोकळी, भरदार, पिकलेलं सफरचंद, बडीशेप, गवतफुलं अशी. मातेलिकाची ताठ, अधिक आंबट, लहानपणी अगदीच घुम्मी. तिथे तोडणीही बहुधा येसीच्या नंतर होते. मातेलिकाचं क्षेत्र येसीच्या मानाने फारच छोटं, त्यामुळे बाहेर कमी दिसते. तुम्ही ती बाटली शोधून आणलीत की दुकानदाराने गळ्यात मारली माहीत नाही, पण आणलीत ते बरं केलंत.

(येसीबद्दल एक जाता जाता. पवित्र रोमन सम्राट दुसरा फ्रेडरिक याच गावात २६ डिसेंबर ११९४ ला जन्मला. आईने भर चौकात तंबू ठोकून, गावातल्या बायकांसमक्ष बाळाला जन्म दिला, म्हणजे या वयात हिला मूल कसं झालं अशी शंका कुणी घेऊ नये, अशी आख्यायिका तिथले लोक दुसऱ्या ग्लासानंतर हटकून सांगतात. मूळ नाव, मूळ गाव, साक्षीदार हजर. लेबलाचे नियम इतके काटेकोर असलेल्या प्रांताला शोभणारी कथा आहे.)

नियमांचं पाहू. मातेलिकाला डीओसी हा, वाइन कुठली आणि कशी बनवायची हे ठरवणारा सरकारी दर्जा १९६७ मध्ये मिळाला, कास्तेल्ली दि येसीला १९६८ मध्ये. दोन्हीकडच्या रिझेर्वांना २०१० मध्ये त्याहून वरचा डीओसीजी दर्जा मिळाला. बाटलीत किमान ८५ टक्के वेर्दिक्क्यो असलं पाहिजे, उरलेलं दुसरं पांढरं द्राक्ष चालतं, पण चांगले लोक शंभर टक्केच वापरतात. 'क्लासिको' म्हणजे जुना मूळ पट्टा, तो दर्जाची हमी देत नाही. हमीच्या जवळ जाणारा शब्द 'सुपेरिओरे'. कारण त्यात उत्पादनावर मर्यादा येते. साध्या येसीसाठी हेक्टरी १४ टन चालतात, क्लासिको सुपेरिओरेसाठी ११, मातेलिका रिझेर्वासाठी साडेनऊच. आपल्या भाषेत एकरी साडेपाच टन, साडेचार टन आणि पावणेचार टन. खायच्या द्राक्षाचे एकरी दहा-बारा टन काढणाऱ्या माझ्या काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग ते लोक खातात काय?" रिझेर्वा किमान अठरा महिने मुरवावी लागते, त्यातले सहा महिने बाटलीत.

तेव्हा पुढच्या वेळी नऊऐवजी तेरा-चौदा युरो खर्चून 'क्लासिको सुपेरिओरे' घ्या. या द्राक्षात पैशाचा मोबदला सगळ्यात जास्त तिथे मिळतो, असं माझं मत आहे.

कमनीय सुरईच्या आकाराची हिरवी बाटलीही तुम्हाला तिथे दिसली असेल. १९५० च्या दशकात फाझी बात्ताल्या या कंपनीने मिलानचे वास्तुरचनाकार आंतोनियो मायोक्की यांच्याकडून ती घडवून घेतली. बाटली जगभर गेली, अमेरिकेतल्या इटालियन खानावळींत टेबलावर उभी राहिली, आणि वेर्दिक्क्योचं नाव झालं. पण मागणी वाढली तशी वाइन पातळ झाली. लोकांना बाटली आठवायची, आतलं नाही. १९८० नंतर काही घराण्यांनी साधी सरळ बाटली धरली, उत्पादन कमी केलं, आणि हे द्राक्ष मुरू शकतं हे दाखवून दिलं. बुच्ची यांची 'विल्ला बुच्ची' रिझेर्वा हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. ती मोठ्या, जुन्या ओकच्या पिंपांत मुरते. नव्या छोट्या पिंपांत घालून व्हॅनिलाचा वास आणायचा मोह बऱ्याच जणांना झाला होता. मला विचाराल तर या द्राक्षाला तो दागिना शोभत नाही, बदामाची रेघच झाकली जाते. अनेक जण आता लाकूड टाळून स्टीलच्या किंवा सिमेंटच्या टाकीत, तळाशी बसलेल्या यीस्टच्या गाळावर वाइन महिनोन्महिने ठेवतात. त्याने जिभेवर साय आल्यासारखा गोलावा येतो आणि कडवटपणाची धार बोथट होते.

तुमच्या दुसऱ्या बाटलीचं भवितव्य यावरून ठरतं. मातेलिका, त्यात रिझेर्वा, त्यात २०२०. ती आत्ता उघडलीत तर वाईट लागणार नाही, पण पूर्ण बोलणारही नाही. तुमच्या इमारतीला तळघर असेल, जर्मनीत बहुतेक इमारतींना असतं, तर तिथे आडवी ठेवा. बारा-पंधरा अंश, अंधार, आणि शेजारी कपडे सुकवायचं यंत्र नको. अशी जागा असेल तर २०२८ पर्यंत निर्धास्त ठेवा. जागा नसेल, स्वयंपाकघरातल्या कपाटातच राहणार असेल, तर हट्ट करू नका, या दिवाळीलाच उघडा. घरातल्या उष्णतेत वाइन मुरत नाही, म्हातारी होते.

मुरल्यावर काय होतं? रंग सोनेरी होतो. मध, कॅमोमाइल, वाळलेलं गवत, भाजलेले बदाम, आणि कधीकधी गारगोटी गारगोटीवर घासल्यावर येतो तसा एक वास. पहिल्या हंगामात मला एक बारा वर्षं जुनी बाटली चाखायला दिली होती. रंग पाहूनच मी "हवा लागली" म्हणाले. तरुणपणीचं ज्ञान. मालकीणबाईंनी ग्लास माझ्यापुढेच ठेवला आणि जेवण वाढलं. तासाभराने तो ग्लास मी सोडायला तयार नव्हते. आंबटपणा जसाच्या तसा होता, आणि कडू रेघेचा मधाशी इतका छान समेट झाला होता की दोन्ही वेगळे काढता येत नव्हते.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: पहिली बाटली बहुधा ठीक होती आणि जास्त थंड होती, दुसरी तिच्यापेक्षा नक्की वेगळी निघेल, ठेवायची की नाही हे वाइनपेक्षा तुमच्या तळघरावर अवलंबून आहे.

आता दिवाळीचं जेवण. आई-बाबा वाइन घेतात का ते लिहिलं नाहीत, ते तुमचं तुम्ही बघा. मार्केत ही वाइन एड्रियाटिकच्या माशांबरोबरच वाढली आहे. आंकोनाचा ब्रोदेत्तो म्हणजे नाना प्रकारच्या माशांचा रस्सा, परंपरेने तेरा जातींचा, आणि त्यात व्हिनेगर पडतं. तिथलाच स्तोक्काफिस्सो हा सुक्या कॉड माशाचा पदार्थ, बटाटे, टोमॅटो आणि भरपूर ऑलिव्ह तेलात तासन्‌तास शिजवलेला, आणि त्यात वेर्दिक्क्योच ओततात. सुकं मासळीचं जेवण काय असतं हे रत्नागिरीच्या माणसाला समजावून सांगायला नको.

यातून आपल्या ताटासाठी दोन गोष्टी घेता येतात. ताटात आंबट असेल तर वाइन त्याहून आंबट हवी, नाहीतर ती पचपचीत लागते. कोकम, चिंच, लिंबू यांच्यापुढे बहुतेक पांढऱ्या वाइन मान टाकतात, वेर्दिक्क्यो टाकत नाही. दुसरं, तिचा आंबटपणा तळलेल्याचं तेल कापतो. म्हणून रवा लावलेली सुरमई, कुरकुरीत बोंबील, कोळंबीची भजी, तिसऱ्यांचं सुकं, आणि शाकाहारी असेल तर अळूवडी किंवा कोथिंबीर वडी. अळूवडीतला चिंचगूळ आणि ही वाइन हा मेळ मी हॉटेलात मुद्दाम वाढते, आणि इटालियन पाहुणेही गप्प होऊन खातात.

जपायचं ते तिखटाला. मिरचीची आग अल्कोहोलने भडकते आणि कडूही जास्त जाणवतं. आई झणझणीत मालवणी मसाल्याचं कालवण करणार असेल तर त्याबरोबर ही बाटली उघडू नका, बिअर बरी. नारळाच्या दुधातलं, बेतानं तिखट असं पापलेटचं कालवण असेल तर रिझेर्वा छान जाईल, तिचा भरीवपणा नारळाला पुरून उरतो. सोलकढी आणि वाइन एकाच वेळी मात्र नको. सोलकढी जेवणाच्या शेवटी, वाइन तळलेल्या पदार्थांबरोबर आधी. आणि फराळाच्या गोड ताटाशी कोरडी वेर्दिक्क्यो लावू नका. करंजीपुढे ती लिंबाच्या पाण्यासारखी लागेल.

रिझेर्वाला हात न लावता आधी या द्राक्षाशी ओळख वाढवायची असेल तर म्युनिकमध्ये एक सोपी वाट आहे. लुगाना घ्या. गार्डा तलावाच्या दक्षिण काठावरची ही वाइन जर्मन लोकांना इतकी आवडते की तुमच्या कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटातही असेल. तिचं द्राक्ष 'तुर्बियाना' किंवा 'त्रेब्यानो दि लुगाना' या नावाने ओळखलं जातं, आणि ते जनुकीय तपासणीत वेर्दिक्क्योच निघालं. सोआवे भागातलं 'त्रेब्यानो दि सोआवे' हेही तेच. पंधराव्या शतकात साथीच्या रोगाने मार्के ओस पडल्यावर उत्तरेकडच्या व्हेनेतोतून शेतकरी इथे येऊन वसले आणि वेली बरोबर घेऊन आले, असं सांगतात. तलावाकाठच्या चिकणमातीत ते जास्त मऊ, फळाळ होतं, कडू रेघ बारीक राहते. लुगाना आवडली की मग येसी सुपेरिओरे, आणि त्यानंतर मातेलिका, या क्रमाने गेलात तर तोंड वाकडं होणार नाही.

आता बाबांचा प्रश्न. नाशिकला का नाही?

त्यांना वाटेल छाटणी जमणार नाही, किंवा मातीचं काही असेल. छाटणी उलट जमेल. वेर्दिक्क्योच्या काडीवर बुडातले डोळे, म्हणजे अंकुर, फारसे फळत नाहीत, घड पुढच्या डोळ्यांतून येतात. म्हणून तिकडे काडी लांब ठेवतात. जुन्या बागांत तर लांब काड्या कमानीसारख्या वाकवून खाली बांधलेल्या दिसतात. आता हे ऐकून निफाडच्या कुठल्याही बागायतदाराला काय नवल वाटणार? थॉम्पसनचं दुखणं तेच आहे. आखूड छाटली तर पालाच पाला. काडीची जाडी बघायची, डोळे मोजायचे, सूक्ष्मदर्शकाखाली डोळा कापून घड आहे का तपासायचं, हे आमच्याकडे घरोघरी कळतं.

अडतं ते हंगामाशी. मार्केत वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, दिवस लहान आणि गार होत असताना पिकते. पिकण्याचा शेवटचा महिना थंडीकडे जाणारा. म्हणून आंबटपणा टिकतो, आणि सालीतलं हिरवट कडू जायला वेळ मिळतो. नाशिकला वेल कधी झोपतच नाही. एप्रिलात खरड छाटणी करून आपण काडी तयार करतो, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करून फळ घेतो, आणि वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तोडतो. म्हणजे आपला शेवटचा महिना उन्हाकडे जाणारा. लवकर पिकणारी जात जानेवारीच्या थंड रात्रींत हाती लागते. वेर्दिक्क्यो सावकाश पिकणारं. ते रेंगाळत मार्चमध्ये गेलं की साखर भराभर चढणार, साल मात्र मागे राहणार. साखर बघून लवकर तोडलं तर कच्चं कडू, थांबलं तर अल्कोहोल जास्त. नाशिकच्या पांढऱ्यांत शेनां ब्लां आणि सोव्हिन्यां ब्लां यांनी जम बसवला तो काही फॅशनपायी नाही. शेनां उन्हातही आंबटपणा धरून ठेवते आणि टनभारही देते.

शिवाय वेर्दिक्क्योचा घड घट्ट, मणी एकमेकांना चिकटलेले. भुरी आणि डाउनी या दोन्ही बुरशीच्या रोगांना ते नाजूक, आणि पिकताना पाऊस झाला की आतून कुजायला लागतं. ऑक्टोबरात लांबलेल्या पावसात कोवळ्या फुटीवर डाउनी आलेला ज्याने पाहिलाय, तो अशी जात हौसेने लावणार नाही. मी एकदा वडिलांना विचारलं होतं, चार ओळी लावून बघू का. त्यांनी भाव विचारला. मी म्हटलं, अजून कुणी विकत घेणारा नाही. विषय तिथे संपला.

तरी बाबांना एवढं सांगा की, डोंगरावर, हजार मीटरच्या आसपास, पावसाच्या सावलीत कुणी हौशी माणसाने स्पुमान्तेसाठी हे लावलं तर मला आशा आहे. फसफसणाऱ्या वाइनसाठी द्राक्ष तसंही लवकर, आंबट असतानाच तोडतात. तेव्हा साल पूर्ण पिकायची वाट बघावी लागत नाही, आणि हलक्या दाबाने काढलेल्या पहिल्या रसात कडू कमी येतं. पदरचे पैसे घालवायची तयारी असलेला माणूस मिळाला तर मला कळवा, छाटणीला मी स्वतः येईन.

आणि हो, पहिल्या बाटलीत उरलेली असेल तर बेसिनमध्ये ओतू नका. तिसऱ्या (शिंपले) धुऊन पातेल्यात टाका, लसूण, थोडं तेल, वर ती अर्धा कप वाइन, आणि झाकण. शिंपले उघडेपर्यंत, जेमतेम पाच मिनिटं. शेवटी कोथिंबीर. मीठ आधी चाखून मगच.